बुडालेल्या दाव्याचा दावा कसा बुडवावा?

इंग्लंडातल्या तुमच्या सॉलिसिटरने मुदत चुकवून तुमचा दावा बुडवला ना? मग आता त्याच्यावर भरपाईचा दावा लावा आणि तो मात्र स्वतःच्या हाताने बुडवा. सगळं श्रेय त्या एकट्यालाच का म्हणून?

घाई करू नका. तिथल्या १९८० च्या मुदत कायद्याने साधारण ६ वर्षं दिलीत. चूक उशिरा कळली, तर निष्काळजीपणासाठी कळल्यापासून ३ वर्षं, पण एकूण १५ च्या आत. एवढा काळ हाताशी असताना आज कशाला? शिवाय मुदत चुकवणाऱ्यावरचा दावा मुदतीत लावणं शोभतं का?

ईमेल, पत्रं, बिलं उडवून टाका. 'तो फोनच उचलायचा नाही' हे गळा काढून सांगितलंत की झालं.

आणि चूक सिद्ध झाली की पैसे खिशात, हा समज काही केल्या सोडू नका. न्यायालय उलटं विचारतं: तो वेळेवर जागा असता, तर तुमच्या पदरात काय पडलं असतं? म्हणजे मेलेला खटला उकरून काढून त्याची नाडी बघायची! १९५८ च्या निकालात विजेच्या धक्क्याने नवरा गमावलेल्या एका बाईला असे २,००० पौंड मिळाले. मूळ दावा फार तर ३,००० चा धरला होता, तो जिंकण्याची शक्यता मोजून रक्कम ठरली. तिचं नुकसान खरं होतं, ही तिची जमेची बाजू. तुम्ही त्या फंदात पडू नका.

त्यापेक्षा सॉलिसिटरांवर असाच दावा लावणारा एक खाणकामगार बघा. यंत्रांच्या कंपनाने बोटं अधू झालेली, सॉलिसिटरांनी चूक कबूलसुद्धा केलेली. पण घरची कामं मदतीशिवाय होत नाहीत, हा त्याचा बुडालेला मूळ दावाच न्यायाधीशांना पटेना. त्यात फेसबुकवर त्याचे मासेमारीचे फोटो! मधे अपिलात जिंकला, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. तेव्हा गळ टाकायला जरूर जा, फक्त फोटो नीट उजेडात काढा.

लीगल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या संस्थेकडे, मात्र फिरकू नका. तिथे तक्रार फुकट घेतात आणि ५०,००० पौंडांपर्यंत भरपाई देववू शकतात. असल्या स्वस्त वाटेने हरण्यात काय मजा?

त्यापेक्षा सरळ दुसरा सॉलिसिटर गाठा. आणि 'मुदत कधी संपते हो?' असं त्याला चुकूनही विचारू नका. बिचाऱ्याला वाटेल, आपल्यावर विश्वास नाही.