पालक ग्रुप (मूळ) आणि पालक ग्रुप (अधिकृत)

पोराला शाळेत घालताना आपण फी विचारतो, रिक्षावाले मामा कुठनं येतात ते विचारतो, ग्राउंड आहे का बघतो, पण पालकांचा ग्रुप कसा आहे हे कोणी विचारत नाही आणि खरा ताप तिथंच असतो.

जूनमध्ये मुख्याध्यापिका मॅडमनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून सांगितलं की २०११ च्या फी नियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघ करावाच लागतो, त्याच्या कार्यकारी समितीत मुख्याध्यापक हे अध्यक्ष, पालकांतला एक उपाध्यक्ष, शिक्षकांतला सचिव, शिवाय प्रत्येक इयत्तेचे प्रतिनिधी, आणि इच्छुक पालकांतून निवड चिठ्ठ्या टाकून. इच्छुकांत माझं नाव बायकोनं परस्पर दिलेलं. "द्यायला काय जातंय हो, एवढ्या लोकांत आपलीच चिठ्ठी कशाला निघतीय." पहिलीतल्या एका पोरीनं बरणीत हात घातला आणि मी उपाध्यक्ष झालो. आजवर कुठल्या लॉटरीत साधा स्टीलचा डबा लागला नव्हता.

आता उपाध्यक्ष हे पद कागदावर. शाळेत सत्ता होती अक्कांची. अक्का म्हणजे ज्युनिअर केजीपासून 'स्वयंसेवक पालक' हा व्हॉट्सअॅप ग्रुप चालवणाऱ्या बाई, वय माझ्याएवढंच असेल पण मुख्याध्यापिकाही त्यांना अक्काच म्हणतात. मंडपवाला, टेम्पोवाला, फ्लेक्सवाला, सगळ्यांचे नंबर त्यांच्याकडे, आणि मुख्य म्हणजे शाळेच्या शिपाईमामांचा घरचा नंबर. हॉलची किल्ली मामांकडे असते हे लक्षात घेतलं की बाकीचं राजकारण आपोआप कळतं.

समोर उभे राहिले मालक. आमच्या सोलापुरात पानटपरीवाल्यालाही मालकच म्हणतात, पण हे खरोखरचे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. चौथीचे प्रतिनिधी. कारखान्यात उलटं बोलणारं कोणी नाही त्यामुळं त्यांची अशी समजूत झालेली की जगात कुठंच नसतं. पहिल्याच मीटिंगला म्हणले, "उपाध्यक्ष, सिस्टीम पाहिजे सिस्टीम. हे असं एका माणसावर चालत नसतंय." एका माणसावर म्हणजे कुणावर हे त्यांनी सांगितलं नाही, अक्कांनी लगेच ओळखलं.

ती मीटिंग बालवाडीच्या वर्गात होती. बाकं वीतभर उंचीची. त्यावर बसलेली पंधरा-सोळा मोठी माणसं, गुडघे हनुवटीला टेकलेले, मागं भिंतीवर 'अ अननसाचा', आणि विषय काय तर नेतृत्व कोणी करायचं. मालकांना एक तर त्या बाकावर बसताना मदत लागली होती आणि रागानं उठून जायची वेळ आली तेव्हा परत मदत लागली. दोघांनी काखेत हात घालून उठवलं, मग ते रागानं गेले.

भांडणाचं निमित्त संक्रांतीच्या आधीचा आनंद मेळावा. मुलांचे स्टॉल, कडक भाकरी-शेंगाचटणी, भेळ, तिळाच्या वड्या, एवढंच. कार्यक्रमाचा समन्वयक कोण? अक्का म्हणल्या, दरवर्षी कोण असतं? मालक म्हणले, दरवर्षी असतं म्हणूनच यावर्षी बदल पाहिजे. मग मालकांनी पुढची मीटिंग गुरुवारी सकाळी नऊला लावली आणि इथं पेट घेतला, कारण गुरुवारी सकाळी अक्कांच्या भागात पाणी येतं.

सोलापूरबाहेरच्यांना यातलं गांभीर्य कळायचं नाही. उजनीसारखं धरण आमच्या जिल्ह्यात, पण शहरात नळाला पाणी काही दिवसांआड, तेही भागाभागाला वेगवेगळ्या वेळी. "आज आमच्याकडं पाणी आहे" हे वाक्य म्हणलं की ऑफिसात साहेब गप्प होतो, पाहुणे लग्नातनं उठतात. असल्या दिवशी मीटिंग ठेवणं म्हणजे सरळ डावलणं. अक्कांनी हंडे, बादल्या, टाकी सगळं सोडून पंचेचाळीस सेकंदाचा व्हॉइस मेसेज टाकला, मागं नळाचा आवाज आणि पुढं "मला मुद्दाम बाहेर ठेवलं जातंय." मालकांनी उत्तर दिलं की पाण्याचं वेळापत्रक ते ठरवत नाहीत. अक्कांनी त्यांना ग्रुपमधून काढलं.

संध्याकाळी मालकांचा नवीन ग्रुप आला, 'स्वयंसेवक पालक (अधिकृत)'. रात्री अक्कांनी आपल्या ग्रुपचं नाव बदलून 'स्वयंसेवक पालक (मूळ)' केलं. शिवसेना २०२२ ला फुटली, राष्ट्रवादी २०२३ ला, तेव्हापासून मूळ कोण आणि अधिकृत कोण हे महाराष्ट्राला नवीन नाही, पण आमच्याकडं निवडणूक आयोग नव्हता. दोन्हीकडं डीपी एकच, शाळेच्या गेटचा फोटो. तो काढलाय मी, बरं का, पण चिन्हावर हक्क कुणाचा यात मला कोणी विचारलं नाही.

पालकांनी काय केलं? दोन्हीत राहिले. उद्या कुठली सत्ता येईल सांगता येत नाही आणि होमवर्कचे फोटो तर लागतात. त्यामुळं 'उद्या कलरची वही आणायची आहे का' हा प्रश्न मूळमध्ये पडायचा, तिथनं अधिकृतमध्ये फॉरवर्ड व्हायचा, अधिकृतमधलं उत्तर मूळमध्ये यायचं, आणि मध्ये कोणीतरी गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल दोन्हीकडं टाकून आपली निष्ठा समान ठेवायचं.

गावात सिद्धेश्वरांची यात्रा तोंडावर आलेली. मिरवणुकीत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, कुठला पुढं आणि कुठला मागं हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं, आख्खं शहर रस्त्यावर असतं आणि क्रम हलत नाही. इकडं आमचे फ्लेक्स दोन. एकावर अक्कांचा फोटो आणि 'मुख्य समन्वयक', दुसऱ्यावर मालकांचा आणि 'प्रमुख समन्वयक'. फ्लेक्सवाला एकच, त्यानं दोघांच्याही खालची तिळगुळाची वाटी तीच वापरलेली. माझं नाव दोन्हीवर होतं, एकावर चुकीचं.

मेळाव्याच्या सकाळी फीत कोण कापणार यावर दोघं गेटात उभे, दोघांच्या हातात आपापली कात्री. पोरं स्टॉलमागं ताटकळलेली, भाकरीवर धूळ बसायलेली. मुख्याध्यापिका मॅडम आल्या, शांतपणे म्हणल्या, "कायद्यानं संघाची अध्यक्ष मी आहे ना?" आणि एका कात्रीनं, मला वाटतं अक्कांच्या, फीत कापून आत गेल्या. सात महिने जे पद मिळवायला ही दोघं झटत होती ते रिकामं नव्हतंच कधी. पहिल्या दिवशी हॉलमध्ये सांगितलं होतं की, पण तेव्हा सगळे मोबाईलमध्ये.

मेळावा झाला छान. शेंगाचटणी अकरालाच संपली. मालकांनी पाहुण्यांना कारखान्यातले टॉवेल दिले, अक्कांनी शाल दिली, पाहुणे दोन्ही खांद्यांवर एकेक घेऊन बसले होते. बाकं लावणं, पाणी भरणं, कचरा उचलणं हे ज्यांनी केलं ते कुठल्याच फ्लेक्सवर नव्हते, त्यातल्या एक तर सेमीच्या वर्गातल्या कोणाची तरी आजी होत्या आणि त्या कुठल्याच ग्रुपमध्ये नाहीत, साधा फोन वापरतात.

मग आला हिशोब. जमा-खर्चात साडेतीनशे रुपये कमी. कारण मला माहीत होतं. टेम्पोवाल्याला हमाली द्या असं अक्कांनी सांगितलं म्हणून मी एकदा दिली, आणि मालकांनी सांगितलं म्हणून परत एकदा दिली, कारण "त्यांचं ऐकून झालं, आता माझं ऐका" असं त्यांनी सगळ्यांदेखत म्हणल्यावर नाही म्हणायची माझी टाप नव्हती. टेम्पोवाल्यानं दोन्ही वेळा नमस्कार करून घेतले.

पैशाचं कळल्यावर अक्का आणि मालक पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. अर्धा तास, गेटाबाहेर, हसतखेळत. रात्री नवीन ग्रुप निघाला, 'हिशोब (अंतिम)'. दोघंही अॅडमिन. पहिला मेसेज मालकांचा, "उपाध्यक्षांनी खुलासा करावा." त्याला अक्कांचा अंगठा.

मी खुलासा टाईप केला, चांगला लांब, तारीखवार. पाठवायला गेलो तर खाली लिहून आलं, मेसेज फक्त अॅडमिन पाठवू शकतात.