शेजारी सुधारावा कसा

सलाम! जगाचं मीठ व्हा, असं प्रभू येशूने सांगितलंय. आता मीठ विरघळल्याशिवाय कालवणाला चव येत नाही, ही एक अडचण आहेच. पण आपण कशाला विरघळायचं? बरणीवर ठसठशीत ‘मीठ’ लिहा आणि ती दर्शनी फडताळात ठेवा. माणसं आपोआप प्रभावित होतील.

सुरुवात मोबाइलपासून करा. पहाटे साडेपाचला, सूर्योदयाच्या चित्रावर एक वचन, सोसायटीच्या ग्रुपवर. दहा वाजता त्याच ग्रुपवर पार्किंगवरून समोरच्या काकांची अब्रू काढायची असते, तेव्हा वचन आधी गेलेलं बरं. कुसळ-मुसळाचं वचन मात्र टाळा. लोक उगाच आपल्या डोळ्यांकडे निरखून बघायला लागतात.

देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रभूने आपल्याला कसं बदललं याची साक्ष द्यायला उभे राहिलात तर पापं तारुण्यातली सांगा. विडी, पत्ते, फार तर एखादा तमाशा. चालू सालातली पापं निघाली की पंचांच्या निवडणुकीत मतं फुटतात. आणि भावावर जमिनीचा दावा लावला असेल, तर ‘वाटेतच समेट कर’ हे वचन वकिलाच्या नजरेस पडू देऊ नका.

आपल्याच काही थोरांनी मात्र भलताच पायंडा पाडून ठेवलाय. पंडिता रमाबाई म्हणजे शास्त्रार्थात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई. इंग्लंडमध्ये त्यांना कोणी वादात हरवलं म्हणता? छे! लंडनमध्ये फुलहॅमला ख्रिस्ती मठातल्या काही सिस्टर समाजाने टाकलेल्या बायकांना माणसासारखं वागवत होत्या, तेवढं त्यांनी पाहिलं. हे का करता, असं विचारलं, तेव्हा बायबलातल्या शोमरोनी बाईची गोष्ट पुढे आली: यहुदी जिच्या हातचं पाणी घेत नसत, तिच्याकडे येशूने विहिरीवर प्यायला पाणी मागितलं. १८८३ मध्ये बाप्तिस्मा. मग १८९६-९७ च्या दुष्काळातल्या उपाशी बायका-मुली स्वतः जाऊन केडगावला आणल्या. एवढा खटाटोप! त्यापेक्षा पत्रकं वाटणं किती सोपं.

ना. वा. टिळकांचं तर विचारूच नका. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाईंनी सोवळं सोडलं ते पाचेक वर्षांनी आणि तेही स्वतःच्या डोक्याने विचार करून. पाच वर्षं! तेवढ्यात आपल्या दोन कमिट्या बसून बरखास्त होतात.

तेव्हा आपण झटपट मार्ग धरू. घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशी आहेत ना, तिथूनच प्रारंभ करा. आपल्या पणजोबांना गावच्या पाणवठ्याला हात लावू देत नव्हते आणि मिशनच्या शाळेत मात्र सगळ्यांसोबत बसवलं, ही गोष्ट त्यांना सांगा. सांगताना आवाज थोडा दाटून आला तर उत्तमच. नाताळच्या उपासनेचं आमंत्रण द्या. येशूपुढे सगळे सारखे, हे दोनदा सांगा. मग चहा द्या. त्यांचा कप खिडकीत, घासणीच्या डब्यामागे असतो. कानाला टवका उडालेला, तोच. शोधायची गरज नाही, त्या स्वतःच घेतात.

चहा पिऊन झाला की त्या तो विसळतील, पालथा घालतील आणि पुन्हा तिथेच ठेवतील. तुम्ही तोवर नाताळच्या उपासनेची वेळ कागदावर लिहून द्या.