कवटी एक, माणसं दोन

माणूस म्हणजे जनुकं आणि संस्कार, बाकी शून्य, असं हल्ली फार खात्रीनं बोललं जातं. 'मी' म्हणून वेगळं काही नसतंच, म्हणे. मला हे पटत नाही. का, ते जरा सविस्तर लिहिते.

इराणच्या लादान आणि लालेह बिजानी आठवतात? १९७४ साली जन्मलेल्या, डोक्याला डोकं जोडलेल्या जुळ्या बहिणी. मेंदू दोन, पण कवटी एकसंध आणि मेंदूतलं रक्त परत नेणारी मोठी शीर सामाईक. जनुकं तीच. आणि संस्कारांचं म्हणाल, तर इतकं सारखं वातावरण कुठल्या प्रयोगशाळेतही उभं करता येणार नाही. तेच घर, तोच वर्ग, कानावर एकाच वेळी पडलेलं तेच वाक्य. एकीला पाणी प्यायला उठायचं तर दुसरीनंही उठायचं. तरीही लादानला वकील व्हायचं होतं आणि लालेहला पत्रकार. शेवटी दोघी कायदा शिकल्या, म्हणजे लालेहनं मन मारलं. मारायला आधी ते वेगळं असावं लागतं ना!

यावरचं उत्तर मला माहीत आहे. एकसारख्या जुळ्यांच्या बोटांचे ठसेही वेगळे असतात, गर्भात वाढताना मेंदूच्या जोडण्यांतही योगायोगानं फरक पडतात. मान्य. मानसशास्त्रज्ञ थॉमस बूशार्ड यांनी १९७९ पासून अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. त्यातली साम्यं थक्क करणारी आहेत, पण तिथलीही एकसारखी जुळी स्वभावानं तंतोतंत सारखी निघाली नाहीत. म्हणजे नुसत्या जनुकं आणि संस्कारांनी हिशोब जुळत नाही, हे विज्ञानच सांगतंय.

बरं, लादानची आवड योगायोगानं आली असेल. पण त्या आवडीचं काय करायचं, हे कोणी ठरवलं? दोघींना शस्त्रक्रिया करून वेगळं व्हायचं होतं. १९९६ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी धोका फार मोठा आहे म्हणून त्याला नकार दिला. बहिणींनी विषय सोडला नाही. २००३ मध्ये सिंगापूरला त्यांना स्पष्ट सांगितलं गेलं, की एक किंवा दोघी दगावू शकतात. एकमेकींचा चेहरा आरशाशिवाय बघायचाय, असं त्या म्हणत होत्या. ८ जुलैला शस्त्रक्रियेतच दोघी गेल्या, वयाच्या २९व्या वर्षी. तो निर्णय बरोबर होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. पण जिवाची उपजत ओढ बाजूला ठेवून, सगळं समजून उमजून, वर्षानुवर्षं एकाच मागणीवर ठाम राहणं, याला मी 'मी' म्हणते. शरीर गेल्यावर तो उरतो का, हा वेगळा प्रश्न, त्यात मी शिरत नाही.

हे सगळं मला इतकं लागतं, कारण हा वाद पुस्तकात राहत नाही. घरातली मुलगी म्हणते, "मला आत्ता लग्न नाही करायचं." लगेच सुरू होतं, "वयच तसं आहे," "मैत्रिणींनी डोक्यात भरवलंय." तिच्या बोलण्याला कारणं चिकटवली, की ते ऐकायची गरजच उरत नाही. तिला समजावायला आलेले मामा मात्र स्वतःच्या मताला हार्मोनचं किंवा मित्रांचं कारण देत नाहीत. त्यांचं ते पूर्ण विचारांती झालेलं मत. मला हा उघड अन्याय वाटतो, आणि त्याला कोणी विज्ञानाचा आधार द्यायला लागलं, की जास्तच राग येतो.