‘पहिल्या महिन्याचा आकडा दाखवून फसवलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक तारा दिलात आणि चार गोष्टी लिहिल्यात. टिर्झेपाटाइड या वजन उतरवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचा आम्ही फक्त पहिल्या महिन्याचा आकडा सांगितला. पाचव्या पॅकपर्यंत बिल वाढतच गेलं. पेनमध्ये (औषध भरलेल्या, पेनासारख्या सिरिंजमध्ये) औषध शिल्लक दिसत असताना ते टाकून द्यायला लावलं. आणि तीन आठवडे खंड पडला म्हणून ‘पेनं खपवायला’ पुन्हा खालच्या डोसवर आणलं. तुमचं वजन, तपासण्या, फाइलमधल्या नोंदी यांबद्दल आम्ही इथे उघड्यावर एक अक्षरही लिहिणार नाही. पण तुमचे प्रश्न हे औषध घेणाऱ्या बहुतेकांना पडतात, म्हणून त्यांची उत्तरं इथेच देतो.

पहिली तक्रार पूर्णपणे खरी आहे. आमच्या अंदाजपत्रकावर पहिल्या पॅकची किंमत ठळक होती आणि खाली बारीक अक्षरात ‘डोसनुसार बदल होईल’ एवढंच छापलं होतं. असा कागद हातात आला की कुणीही त्या रकमेला बाराने गुणणार. चूक आमची आहे, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तो कागद आता वापरात नाही.

त्या गुणाकारात दोन खड्डे आहेत. पहिला, २.५ मिलिग्रॅम हा वजन उतरवण्याचा डोस नाहीच. पोट आणि आतडी औषधाला सरावावीत म्हणून तो ४ आठवडे देतात, मग ५ वर जातात. पुढे गरज असेल तर ७.५, १०, १२.५ आणि १५, प्रत्येक पायरीवर किमान ४ आठवडे. काही ठिकाणी सगळ्या पायऱ्यांच्या पॅकची किंमत एकच असते, काही ठिकाणी ती डोसबरोबर चढते. चढत असेल तिथे पहिलं पॅक हे सगळ्यात स्वस्त पॅक असतं आणि मोठा खंड पडला नाही तर ते एकदाच लागतं. दुसरा खड्डा कॅलेंडरचा. पॅक ४ आठवड्यांचं, म्हणजे २८ दिवसांचं. वर्षाचे आठवडे ५२, म्हणून पॅक १३ लागतात, १२ नाहीत. महिन्याच्या हिशेबाने पैसे बाजूला ठेवणाऱ्याला वर्षाअखेरीस एक आख्खं पॅक कमी पडतं.

म्हणून नव्या तक्त्यावर १३ ओळी आहेत. १५ मिलिग्रॅमपर्यंत चढायचं ठरलं तर पहिली पाच पॅकं प्रत्येक पायरीची एकेक आणि उरलेली आठ १५ची. १० वर थांबलं तर २.५, ५ आणि ७.५चं एकेक आणि १०ची दहा. ५ वरच भागलं तर एक २.५चं आणि बारा ५ची. तिन्ही बेरजा शेजारी ठेवल्या की फरक लगेच कळतो, आणि डोस वाढवण्याआधी विचारायचा प्रश्नही कळतो: मला खरंच वर जायची गरज आहे का?

हा प्रश्न आमच्या डॉक्टरांनाही बिनधास्त विचारा. शिडी आहे म्हणून शेवटच्या पायरीपर्यंत चढलंच पाहिजे असं नाही. सरमाउंट-१ या चाचणीत ७२ आठवड्यांनंतर सरासरी वजनघट ५ मिलिग्रॅमवर १५.० टक्के, १० वर १९.५ आणि १५ वर २०.९ टक्के होती, औषध नसलेल्या इंजेक्शनवर ३.१ टक्के. डोस तिप्पट केला म्हणून वजन तिप्पट उतरत नाही. १० आणि १५ मधलं अंतर तर दीड टक्क्याच्याही आत आहे. ही सरासरी आहे, प्रत्येक शरीर वेगळं वागतं. तरी ५ वर वजन नीट उतरत असताना केवळ ४ आठवडे झाले म्हणून पुढची पायरी घ्यायला आमचा स्वतःचाच विरोध आहे.

आता पेनमधलं उरलेलं औषध. तुमची चिडचिड समजते, कारण काचेतून ते डोळ्यांना दिसतं. चार डोसांच्या पेनमध्ये चार डोसांहून थोडं जास्त औषध भरलेलं असतं. एक डोस ०.६ मिलिलिटरचा, चार डोसांचे २.४ झाले. वरचं औषध पाचव्या डोससाठी नाही. दर वेळी नवी सुई लावल्यावर टोकाला थेंब दिसेपर्यंत थोडं औषध बाहेर सोडावं लागतं, म्हणजे सुईतली हवा निघून जाते आणि डोस पूर्ण भरतो. हे जास्तीचं औषध त्यासाठी आहे. चौथ्या इंजेक्शननंतर तळाशी जे राहतं ते पूर्ण डोसाइतकं असेलच असं नाही. काही जण ते इन्सुलिनच्या सिरिंजने ओढून घेतात. त्यात डोस अंदाजाने ठरतो, बाहेरची सुई आत घातल्याने जंतू शिरायचा धोका वेगळाच. ते टाकून द्यायला सांगतो ते याच धोक्यांमुळे.

खरी नासाडी दुसरीकडे होते. सुई पेनला तशीच लावून ठेवली की औषध झिरपतं आणि आत हवा शिरते, म्हणून इंजेक्शन झाल्या झाल्या सुई काढायची. फ्रिजमध्ये पेन मागच्या भिंतीला टेकलं की गोठतं. गोठलेलं पेन वितळल्यावर कितीही स्वच्छ दिसलं तरी ते वापरायचं नाही, आणि आम्ही ते बदलूनही देऊ शकत नाही. मधल्या कप्प्यात, खोक्यासकट, २ ते ८ अंशांत ठेवा. या पेनच्या सुया वेगळ्या घ्याव्या लागतात, एका पॅकला चार. सुया, वापरलेल्या सुयांचा डबा, तपासणी फी आणि रक्ताच्या चाचण्या या सगळ्यांची ओळ नव्या तक्त्यात वेगळी दाखवली आहे.

खंडाबद्दल. एक डोस चुकला आणि ४ दिवसांच्या आत आठवला तर तो घ्यायचा, त्यानंतर आठवला तर सोडून पुढच्या ठरल्या वारी घ्यायचा. सलग तीन चुकले की गोष्ट बदलते. हे औषध साधारण ५ दिवसांत शरीरात निम्मं होतं. तीन डोस हुकल्यावर चौथ्याचा दिवस येतो तेव्हा शेवटच्या इंजेक्शनला २८ दिवस झालेले असतात आणि त्याचा जेमतेम २ टक्के अंश उरलेला असतो. म्हणजे पोट पुन्हा नवखं झालेलं असतं. अशा वेळी थेट जुना मोठा डोस घेतला तर उलट्या, जुलाब आणि त्यातून शरीरातलं पाणी कमी होण्याचा धोका असतो. सलाइन लावायची पाळी आली तर तो खर्च पॅकपेक्षा जड जातो. खालच्या पायरीचं पॅक महाग नसतं, बऱ्याच ठिकाणी स्वस्तच असतं. वेळ मात्र वाया जातो, हे मान्य. म्हणून प्रवास, शस्त्रक्रिया किंवा पैशांची अडचण दिसत असेल तर खंड पडण्याआधी फोन करा.

तुम्ही लिहिलंय की दुसरीकडे हेच औषध बाटलीत निम्म्या दरात मिळतं. खर्च टोचतो हे खरं आहे, तरी इथे मात्र घाई करू नका ही कळकळीची विनंती. बाटलीवर मिलिग्रॅम लिहिलेले असतात आणि सिरिंजवर युनिट. १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असतील तर १०० युनिटच्या (म्हणजे १ मिलिलिटरच्या) सिरिंजवरचे २५ युनिट म्हणजे २.५ मिलिग्रॅम. बाटलीत १ मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निघाले तर तेच २५ युनिट ५ मिलिग्रॅम होतात, आणि सिरिंजकडे बघून हे कळत नाही. बनावट मालाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. सेमाग्लुटाइड या अशाच दुसऱ्या औषधाच्या बनावट बॅचेसबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिला होता. परवानाधारक दुकान, बॅच क्रमांक असलेलं बिल आणि थंड पेटीतून पोच, यांतलं एक जरी नसलं तरी घेऊ नका.

पैसे कमी करायचे असतील तर डॉक्टरांशी बोलण्यासारखे मार्ग आहेत. परिणाम देणाऱ्या सगळ्यात खालच्या डोसवर थांबणं हा पहिला. लिराग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या आणखी एका औषधाची जेनेरिक पेनं काही देशांत मिळू लागली आहेत, पण ते रोज टोचावं लागतं आणि वजन तुलनेने कमी उतरतं. त्यातही नुसती पेनची किंमत पाहू नका: १८ मिलिग्रॅमचं पेन रोजच्या ३ मिलिग्रॅमवर ६ दिवसांत संपतं, ३० दिवसांना ५ पेनं लागतात. विमा असेल तर पॉलिसीत टिर्झेपाटाइड मधुमेहासाठी मंजूर आहे की वजनासाठी, ते लेखी विचारून घ्या. मधुमेह नसताना तशी नोंद आम्ही करणार नाही, कुणीही सांगितलं तरी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती. तीन महिन्यांचे पैसे जमवून ‘एक कोर्स’ करून टाकायचा, असं टिर्झेपाटाइड नाही. सरमाउंट-४ चाचणीत ३६ आठवड्यांत लोकांचं सरासरी २०.९ टक्के वजन उतरलं. त्यानंतर ज्यांचं औषध थांबवलं त्यांचं पुढच्या ५२ आठवड्यांत १४ टक्के परत वाढलं, ज्यांचं चालू राहिलं त्यांचं आणखी ५.५ टक्के उतरलं. दुसऱ्या वर्षाचा आकडा झेपणार नसेल तर ते पहिलं पॅक घेण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. हे तुमच्याशी बोललं गेलं नाही, ही आमच्याकडून राहिलेली सगळ्यात मोठी गोष्ट.

तुमच्या सध्याच्या डोसप्रमाणे १३ पॅकांचा तक्ता काउंटरवर पाकिटात ठेवला आहे. त्यावर ५, १० आणि १५ मिलिग्रॅमच्या वेगवेगळ्या बेरजा आहेत. तो घेऊन डॉक्टरांना भेटा, या भेटीची फी घेणार नाही. येताना आधीची बिलं आणि कोणत्या तारखेला कोणता डोस घेतला त्याची नोंद आणा. फ्रिजमध्ये एखादं न वापरलेलं पेन असेल तर भेट होईपर्यंत ते टोचू नका.