खुलासा : ‘पंचविशीच्या आत रक्तदान नको’ हा संदेश चुकीचा आहे

‘पंचवीस वर्षांच्या आत रक्त दिलं तर वाढ खुंटते, गेलेलं रक्त पुन्हा भरून येत नाही’ असा संदेश सध्या फिरतो आहे. खाली कुणा डॉक्टरचं नाव नाही, तरी तो धडाधड पुढे ढकलला जातोय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार साधारण १८ ते ६५ वयाची निरोगी व्यक्ती रक्त देऊ शकते. प्रौढ शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असतं. त्यातलं एका वेळी ३५० ते ४५० मिलिलिटर घेतात. त्यातला द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. तशाही या पेशी सुमारे १२० दिवसच जगतात आणि अस्थिमज्जा (हाडांच्या आतला मऊ गाभा) नव्या घडवतच असते. रक्त दिलं नाही म्हणून जुन्या पेशी शिल्लक राहत नाहीत!

मात्र एक गोष्ट लपवू नये. तरुणांना, विशेषतः पहिल्यांदा रक्त देताना, चक्कर येण्याची शक्यता थोडी जास्त असते. म्हणून उपाशीपोटी जाऊ नका, आधी भरपूर पाणी प्या, नंतर लगेच उठू नका. लोहाचा साठा भरायला मात्र महिने लागू शकतात. दोन रक्तदानांमध्ये ठरलेलं अंतर ठेवतात ते त्यामुळेच. मुलींनी तर ते नक्की पाळावं. हिमोग्लोबिन कमी भरलं तर रक्तपेढी स्वतःच परत पाठवते.

सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची असते, त्यामुळे रक्त दिल्याने संसर्ग होतो हेही खोटं.