विजेच्या तारा पडल्यावर गावात काय चालू राहावं?

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं, तेव्हा इथे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात पहाट होती. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी काकांचा फोन लागेना. पुढचे अकरा दिवस लागलाच नाही. बाराव्या दिवशी त्यांनी कुणाच्या तरी गाडीत फोन चार्ज केला आणि बोलले, "सुपारी गेली, ती पुन्हा लावू. पण विहिरीत काठोकाठ पाणी आहे आणि विजेशिवाय ते वर येत नाही, याला काय करायचं सांग."

गावात सध्या सौर ऊर्जेवरून चर्चा पेटली आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत वाद चालतात आणि मी ते इथे बसून दुपारी वाचते, म्हणून मला हे सगळं पुन्हा आठवतं. एका गटाचं म्हणणं, पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान मिळतंय, तर गावातलं एकही छप्पर मोकळं ठेवू नये. साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, मग आपण का नाही? दुसरा गट म्हणतो, कौलारू घरांवर पॅनेल बसत नाहीत, खाऱ्या वाऱ्यात सांगाडे गंजतात, पावसाळ्यात चार महिने ऊनच नाही. मला दोन्ही गटांच्या बोलण्यात तथ्य दिसतं. पण काकांनी बाराव्या दिवशी विचारलेला प्रश्न दोघांच्याही तोंडी नाही.

सूर्यघर योजनेत सहसा बसतात ते पॅनेल थेट वीजवाहिनीला जोडलेले असतात. वाहिनी बंद पडली की इन्व्हर्टरही आपोआप बंद होतो. खांबावर चढलेल्या वायरमनला उलट्या बाजूने आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती सोय केलेली असते आणि ती हवीच. पण त्याचा अर्थ असा की बॅटरी नसेल तर वादळानंतरच्या लखलखीत उन्हात छपरावर तीन किलोवॉट असूनही घरात दिवा लागणार नाही. वीजबिल कमी करण्यासाठी ही योजना उत्तम आहे. वादळाच्या आठवड्यासाठी मात्र वेगळी तजवीज लागते, आणि ग्रुपवरच्या निम्म्याहून जास्त लोकांना हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

माझ्या घरापासून दिवसभराच्या अंतरावर, अटलांटिकमध्ये ऑक्राकोक नावाचं बेट आहे. वस्ती आठशेच्या आसपास, पूल नाही, जायचं ते बोटीने. वीज शेजारच्या हॅटरस बेटाकडून येते. जुलै 2017 मध्ये उत्तरेकडे एका नव्या पुलाचं काम चालू असताना जमिनीखालच्या केबल तुटल्या आणि ऐन हंगामात पर्यटकांना परत पाठवावं लागलं. सप्टेंबर 2019 मध्ये डोरियन वादळाने समुद्र घराघरांत आणला. मी तिथे पहिल्यांदा गेले ती त्यानंतर. खांबांवर उचलून घेतलेली घरं पाहिली आणि मला आमच्या आळीतली कौलं उडालेली घरं दिसू लागली.

तिथली वीज सहकारी संस्था ग्राहकांच्याच मालकीची आहे. तिने राज्यातल्या सहकारी वीज संस्थांच्या संघाबरोबर 2017 मध्ये बेटापुरतं छोटं वीजजाळं उभारलं. त्यात जुनं तीन मेगावॉटचं डिझेल जनित्र, अर्ध्या मेगावॉटची बॅटरी आणि फक्त 15 किलोवॉटचे सौर पॅनेल आहेत. जोडीला राजी असलेल्या घरांतले तापमान राखणारे थर्मोस्टॅट आणि पाणी तापवायचे बंब संस्था गरजेप्रमाणे कमी-जास्त करते. स्वच्छ ऊर्जेच्या कुठल्याही स्पर्धेत हे बेट शेवटचं येईल. पण मुख्य तार गेली तर काय चालवायचं आणि कोणी किती वीज कमी वापरायची, हे तिथे आधी ठरलेलं आहे. डिझेल कसं कमी करायचं तो पुढचा टप्पा.

त्या पुढच्या टप्प्यासाठी 2021 मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दुर्गम आणि बेटांवरच्या अकरा वस्त्या निवडल्या. त्यात ऑक्राकोक होतं, मेन राज्याच्या टोकाचं ईस्टपोर्ट होतं, अलास्कातलं सिटका होतं. त्या कार्यक्रमात वस्त्यांना पॅनेल मिळाले नाहीत, मिळाली माणसं. राष्ट्रीय प्रयोगशाळांतले अभियंते वर्ष-दीड वर्षासाठी, आणि मध्ये दुवा म्हणून त्याच प्रदेशातली एक संस्था. नॉर्थ कॅरोलायनात हे काम किनाऱ्यावरच्याच कोस्टल स्टडीज इन्स्टिट्यूटकडे होतं. प्रश्न काय घ्यायचा हे वस्तीने मांडायचं, हिशेब अभियंत्यांनी करायचा. त्या अभियंत्यांना काहीही विकायचं नव्हतं, आणि मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आपल्याकडे सौर ऊर्जेबद्दल गावात पहिल्यांदा बोलायला येतो तो बहुतेक वेळा एजंट असतो.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेचं काय सांगता. खरं आहे. इथे वॉशिंग्टनमधलं वारं फिरलं की योजनांचं भविष्यही फिरतं. घरावरच्या सौर पॅनेलना मिळणारी 30 टक्के करसवलत जुलै 2025 मधल्या कायद्याने त्या वर्षाअखेर संपवली. आणि सहकारी वीज आपल्याला नवी नाही. अमेरिकेतल्या ग्रामीण वीज संस्थांच्याच मदतीने 1960 च्या दशकाअखेर भारतात पाच सहकारी संस्था आखल्या गेल्या, त्यांतली एक आपल्या श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. ती थकबाकीखाली दबली आणि 2011 मध्ये तिचं वीजवाटप थांबलं. त्याच पाचांतली बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था अजून चालू आहे. म्हणून सहकाराचं नाव काढलं की मान हलवणाऱ्या मंडळींना मी एवढंच म्हणेन, एकदा हुक्केरीला जाऊन या.

शिवाय गावाने स्वतः हिशेब मांडण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजलेली आहे. हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडून मग पिकं ठरतात. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पाच हजारांहून अधिक गावांचे आराखडे झाले आणि त्यासाठी पाण्याच्या ताळेबंदाचं गणित आयआयटी मुंबईने बसवून दिलं. गावाची माहिती गावाची, गणित संस्थेचं, पैसा सरकारचा. भागीदारी म्हणतात ती हीच, आणि पाण्याबाबत आपण ती करून दाखवली आहे. विजेबाबत का करत नाही? ग्रामपंचायत विकास आराखडा दर वर्षी होतो, त्यात विजेवर येतात ते बहुधा पथदिवे. कोकणात दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीत अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनची मुलं आहेत. अशा महाविद्यालयांनी भोवतालच्या गावांचे प्रश्न सोडवावेत म्हणून राज्याने उन्नत महाराष्ट्र अभियानही काढलं आहे. वादळ येणाऱ्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक पंचायतीला एक वर्षभर दोन विद्यार्थी आणि एक अनुभवी वायरमन मिळाला, तर गावाच्या विजेचा ताळेबंद तयार होईल.

केंद्राची आदर्श सौर ग्राम स्पर्धा मात्र उलट टोकाने सुरू होते. पाच हजारांवर लोकसंख्येची गावं, सहा महिन्यांत कोणी जास्त क्षमता उभारली ते पाहून जिल्ह्यातल्या एका गावाला एक कोटी रुपये. आमचं गाव लोकसंख्येतच बसत नाही. बसलं असतं तरी सहा महिन्यांत किलोवॉट वाढवण्याच्या घाईत विहिरीवरचा पंप राहून गेला असता, अशी मला खरोखर भीती वाटते. तीन अश्वशक्तीचा पंप दोन तास चालवायला पाचेक युनिट लागतात. बॅटरीशिवाय, थेट पॅनेलवर चालणारा पंपही मिळतो. इतकी छोटी गोष्ट आहे ही.

गावचे चाकरमानी आणि आमच्यासारखे परदेशातले, आम्ही आजवर पैसे पाठवले ते देवळाच्या सभामंडपाला आणि आईवडिलांच्या नावाने सौर पथदिव्यांना. त्यातल्या कित्येक दिव्यांच्या बॅटऱ्या दोन-तीन पावसाळ्यांत गेल्या, खांब तेवढे उभे आहेत. माझ्या नावाचाही एक खांब त्यात आहे. यंदा मी गावाच्या मुंबई मंडळाला कळवलं आहे की माझे पैसे पाहणीसाठी घ्या. कुठली घरं, कुठला डीपी, कुठला पंप, कुठला दवाखाना, कुठल्या छपराला वारा सोसवेल, याच्या लेखी पाहणीसाठी. मंडळातल्या दोघांनी विचारलं, पाहणीवर पाटी कुठे लावणार? पाटी नको, असं मी कळवलं आहे.

काकांनी मात्र पाहणीची वाट पाहिली नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वादळानंतर आठ दिवस काय चालू राहिलं पाहिजे, याची यादी. खालच्या आळीची विहीर. आरोग्य उपकेंद्रातला लशींचा फ्रिज. शाळेतल्या दोन खोल्या, दिवे आणि पंख्यांसह, कारण माणसं तिथेच येतात. फोन चार्ज करायला एक जागा. वरच्या वाडीत ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेली एक आजी. खाली त्यांनी लिहिलं आहे, "बाकीचं अंधारात चालेल. हे येत्या ग्रामसभेत वाचून दाखवतो."