मामा, त्या बाटलीतली सागवानाची कांडी आधी काढ

रविवारी मामाकडे गेले होते. पाणी घ्यायला फ्रिज उघडला तर दारात, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी, पांढऱ्या वाइनची बाटली आणि तिच्यात तरंगणारी बोटाएवढी लाकडाची कांडी. टीव्ही युनिट करताना सुताराने टाकून दिलेल्या पट्टीतून मामाने ती स्वतः तासली होती. बूच काढलं तर वाइनच्या आधी पॉलिशचा वास आला.

"स्पॅनिश पद्धत आहे," मामा म्हणाला. "15 दिवस झाले की बघ."

नाशिकजवळच्या एका वायनरीत मी आठ वर्षं नोकरी करते, त्यामुळे वाइनबद्दलचे फॉरवर्ड मला रोजच येतात आणि मी ते सोडून देते. हा मात्र घरातल्या फ्रिजपर्यंत पोचला, म्हणून लिहिते आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा : स्पेनच्या रिओहा भागातल्या मठांत 500 वर्षांपासून पांढरी वाइन ओकच्या लाकडात मुरवून सोनेरी करतात, ही विद्या फ्रेंचांनी दिली, सगळी जादू लाकडाची, म्हणून कुठल्याही पांढऱ्या वाइनमध्ये कुठल्याही जुन्या लाकडाचा तुकडा 15 दिवस ठेवला की तीच वाइन घरी तयार, जितकी जुनी तितकी चांगली, शुगरवाल्यांना चालते, आणि शुद्ध शाकाहारी. शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

आधी लाकूड, कारण पोटात तेच जाणार आहे.

ओकची मुरवलेली पांढरी रिओहा म्हटली की जाणकार पहिलं नाव घेतात ते लोपेझ दे एरेदिया या वायनरीच्या विन्या तोंदोनिया या वाइनचं. गाव रिओहातलंच, आरो. (पाण्याचा फिल्टर नव्हे, गावाचंच नाव तसं आहे.) तिथली पांढरी रेसेर्वा, म्हणजे जास्त मुरवलेली वाइन, साधारण 6 वर्षं पिंपात असते, तिच्या वरची पायरी असलेली ग्रान रेसेर्वा त्याहून कितीतरी जास्त. आता गंमत ऐक. ही मंडळी पिंपं वापरतात ती जुनी. वायनरीत त्यांचे स्वतःचे पिंप बांधणारे कारागीर आहेत, ते तीच पिंपं दुरुस्त करकरून वर्षानुवर्षं चालवतात. जुन्या पिंपाच्या लाकडात द्यायला चव फारशी उरलेलीच नसते, आणि त्यांना ती नकोही असते. पिंपाचं खरं काम वेगळं आहे. फळ्यांमधून हवा अगदी कणाकणाने आत जाते, थोडी वाइन उडून जाते, तळाशी गाळ बसतो, आणि वर्षातून दोनदा ती वाइन हाताने एका पिंपातून दुसऱ्यात काढतात. असं वर्षानुवर्षं चाललं की अक्रोड, मेण, संत्र्याची वाळलेली साल असले वास येतात. म्हणजे ज्यांची नक्कल करायला निघालास, त्यांच्याकडे लाकूड हा मसाला नाहीच, ते भांडं आहे. लोणच्यात बरणीचा तुकडा टाकतो का आपण?

बरं, नवं पिंप वापरणारेही आहेत आणि त्यात लाकडाची चव उतरते, हे मान्य. अमेरिकन ओकने व्हॅनिलाचा, खोबऱ्याचा वास येतो. पण त्या ओकच्या फळ्या आधी दोन-तीन वर्षं उन्हापावसात उघड्यावर ठेवतात, मग पिंप बांधताना आतून विस्तवावर शेकतात. सागवान तेलकट असतं, म्हणून तर ते पावसात टिकतं. ते तेल वाइनमध्ये कशाला हवंय? आणि सुताराकडच्या पट्टीवर काय काय बसलेलं असतं : वाळवीचं औषध, फेव्हिकॉल, सीलर, पॉलिश. 12-13 टक्के अल्कोहोल हे यातलं बरंच काही पाण्यापेक्षा चांगलं ओढून घेतं. ग्रुपवर कुणीतरी खाली "बाभूळ चालेल का?" असं विचारलंय. बाभळीच्या सालीने कातडं कमावतात, दादा. तुमची जीभ कमवायची असेल तर चालेल.

युरोपात वाइनमध्ये ओकचे तुकडे टाकायला कायद्याने परवानगी आहे, हेही खरं. पण तुकडे टाकलेल्या वाइनच्या लेबलवर "पिंपात मुरवलेली" असं लिहिता येत नाही. रिओहाच्या नियामक मंडळाचा नियम तर सरळ आहे : पिंप ओकचंच, साधारण 225 लिटरचं, आणि पांढऱ्या क्रियांझाला, म्हणजे मुरवलेल्या वाइनच्या सगळ्यात खालच्या पायरीलासुद्धा, त्यात किमान 6 महिने. या एका नियमाने फॉरवर्डचा निम्मा मजकूर निकालात निघतो. 15 दिवस आणि 750 मिलिलिटरची बाटली यात कुठे बसते ते मामाने मला सांगावं. मार्केस दे मुरिएता या रिओहातल्या वायनरीच्या 1986 च्या कास्तियो इगाय नावाच्या पांढऱ्या वाइनला पिंपातच 21 वर्षं ठेवलं होतं, आणि त्यानंतर सिमेंटच्या टाकीत पाचेक वर्षं. तेवढ्यात तुझी मुलगी शाळेत जाऊन, शिकून, लग्न होऊन गेली.

आता 500 वर्षं. रिओहात वाइन त्याहूनही जुनी आहे, मठही आहेत. पण पूर्वी तिथली वाइन दगडी हौदात व्हायची, कातडी पखालींतून जायची आणि लवकर संपवावी लागायची. रिओहातल्याच लाबास्तिदा गावचे मानुएल किंतानो नावाचे एक धर्मगुरू 18 व्या शतकाच्या शेवटी फ्रान्समधल्या बोर्दोला जाऊन पिंपांची पद्धत शिकून आले. (मठवाल्यांना हा अर्धा गुण देऊन टाकते.) वाइन टिकली, पण पिंपांचा खर्च भरून निघेल असा वेगळा भाव काही त्यांना घेऊ दिला नाही. झालं, प्रयोग तिथेच बसला. पुन्हा सुरुवात झाली ती लुसियानो मुरिएता (वरच्या मुरिएता वायनरीचे तेच) यांच्या 1852 च्या वाइनपासून. आरोला रेल्वे आली 1863 मध्ये, आणि लोपेझ दे एरेदियांची वायनरी 1877 ची. म्हणजे ही परंपरा आपल्या मुंबई-ठाणे रेल्वेच्या वयाची.

फ्रेंचांचं म्हणणं मात्र, नाइलाजाने, बरंचसं खरं आहे. 225 लिटरचं पिंप बोर्दोचंच. फ्रान्सच्या मळ्यांवर आधी भुरी रोग आला, मग मुळं खाणारा फायलोक्सेरा हा किडा, तेव्हा तिकडचे व्यापारी वाइन शोधत रिओहात उतरले. आरोच्या स्टेशनाभोवती आजही वायनऱ्यांची वस्ती आहे. पण पिंप दिलं त्यांनी. त्यात पांढरी वाइन दहा-दहा वर्षं ठेवायचा हट्ट स्पॅनिश. आणि तो पेलतो कारण द्राक्ष विउरा, भरपूर आंबट आणि हवेला सहजासहजी न बधणारं. जोडीला थोडं माल्वासिया.

म्हणूनच "जितकी जुनी तितकी चांगली" हे धरून बसू नकोस. आपल्याकडची बहुतेक शेनिन ब्लाँ (याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन) वर्ष-दोन वर्षांत प्यायची. मे महिन्यात नाशिकच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर ठेवलेली पांढरी वाइन सोनेरी होते खरी, पण ती मेलेली असते.

शुगर. पूर्ण आंबवलेल्या वाइनमध्ये साखर नावालाच उरते, एवढं बरोबर. पण अल्कोहोल राहतंच. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना, त्यात रिकाम्या पोटी प्यायलास, तर साखर एकदम खाली येऊ शकते. मामाच्या गोळ्या त्याच फ्रिजवर, स्टीलच्या डब्यात होत्या. यावर मला वाद नको आहे, डॉक्टरांना फोन कर.

राहिलं शाकाहारी. हे सगळं मी मामाला तोंडी सांगितलं. पॉलिशचं सांगितलं, वाळवीच्या औषधाचं सांगितलं. तो मान हलवत होता आणि बाटली दिव्याकडे धरून रंग बघत होता. मग सहज म्हणाले की लोपेझ दे एरेदियांसारख्या जुन्या घराण्यांत वाइन निवळायला अंड्याचा पांढरा बलक घालतात. गाळाबरोबर तो खाली बसतो, पण घालतात.

"अंडं?" स्वयंपाकघरातून मामी.

त्या बाटलीत अंडं असल्याचं मी कुठे म्हटलं होतं? पण मामा उठला, बाटली बेसिनमध्ये उपडी केली आणि फ्रिजचं दार सोडा घालून पुसायला घेतलं. कांडी मात्र धुऊन ठेवली आहे. जेवायच्या टेबलाचा एक पाय डुगडुगतो.